दाराची पट्टी चिकटवण्यापूर्वी

ज्या घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती राहते, त्या घरात सर्वांत अधिक आधार देणारी वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण काठी किंवा वॉकर असे उत्तर देतील. गृहभेटींच्या निमित्ताने मी जे पाहत आलो आहे, त्यावरून माझे उत्तर निराळे आहे. ती वस्तू म्हणजे न्हाणीघराच्या दाराची चौकट. रात्री दोन-तीन वेळा लघवीसाठी उठणारा वृद्ध अर्धवट झोपेत आधी भिंत चाचपतो, मग चौकट धरतो, उंबरठ्यावरून एक पाय आत टाकतो आणि दुसरा पाय उचलताना शरीराचा बराचसा भार त्या चौकटीवर सोपवतो. काठी खाटेजवळच राहिलेली असते. चौकटीवर प्लास्टिकची शोभेची पट्टी चिकटवलेली असेल, तर हा भार चौकटीवर पडत नाही. तो पट्टीवर आणि पट्टीमागच्या गोंदावर पडतो.

म्हणूनच हार्डवेअरच्या दुकानातील विषयावर एका डॉक्टराने लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या शिर्डीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरी पीव्हीसीचे दरवाजे आले. लाकडी दार पाण्याने फुगते, खालून कुजते, त्याला वाळवी लागते. प्लास्टिकच्या दाराला यांपैकी काहीच होत नाही. दार बसवल्यावर चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये वाकडीतिकडी फट उरते. ती झाकण्यासाठी मिस्त्री कडेने प्लास्टिकची पट्टी लावतो आणि तिला ‘बिडिंग’ म्हणतो. (आमच्याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूरला घरांना दारे न बसवण्याची परंपरा आहे. तेथील जुन्या घरांना हा प्रश्न कधी पडला नसेल!) पट्टी दिसायला सुबक असते, पुसायला सोपी असते आणि फटीत झुरळे शिरू देत नाही. तक्रार पट्टीविषयी नाही. ती कशाने चिकटवली जाते आणि कोणाच्या सान्निध्यात चिकटवली जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. जेथे हात टेकणार, तेथे गोंदावर विसंबू नये. कितीही महाग, कितीही नामांकित चिकटद्रव्य असो, ते पट्टीला जागेवर धरून ठेवण्यासाठी असते, माणसाला धरण्यासाठी नसते. गोंदाची ताकद सरळ ओढीला पुष्कळ असते. परंतु पट्टीच्या कडेत बोटे अडकवून ती सोलल्यासारखी खेचली, तर तोच गोंद कागदाच्या पाकिटासारखा उलगडत जातो. चौकट धरणाऱ्या हाताची पकड नेमकी अशीच सोलणारी असते. माझ्या परिचयातील एका आजींच्या हातात पहाटे अशीच पट्टी निघून आली. पट्टी बसवून जेमतेम तीन महिने झाले होते. आजी पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. चालू लागल्या, परंतु एकटीने न्हाणीघरात जाण्याचा धीर पुन्हा आला नाही. हाड सांधते, गेलेला धीर सांधायला फार वेळ लागतो आणि घाबरून कमी चालणाऱ्या माणसाचे स्नायू त्या काळात आणखी क्षीण होतात.

तेव्हा जमिनीपासून साधारण अडीच ते पाच फूट उंचीच्या टप्प्यात, म्हणजे जेथे हात जातो तेथे, पट्टी गोंदासोबत स्क्रूनेही चौकटीत कसून घ्यावी. स्क्रूचे डोके पट्टीत बुडालेले असावे. वर आलेले डोके रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या कागदासारख्या त्वचेला पुरेशी इजा करते. त्याहून उत्तम म्हणजे चौकटीशेजारी भिंतीत स्टीलची पकडदांडी फास्टनरने पक्की बसवावी, म्हणजे हाताला पट्टीची गरजच उरत नाही. अशी दांडी चिकटवून किंवा रबराच्या चोषकांवर लावून चालत नाही. बाजारात तशा मिळतात, परंतु आधार देणारी वस्तू आयत्या वेळी हातात येणे हे आधार नसण्याहून वाईट.

हे एवढे मान्य केले की गोंद कोणता, हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. मग तो केवळ दोन कसोट्यांवर निवडायचा: प्लास्टिकच्या स्वभावाला कोणता मानवतो आणि घरातील माणसाच्या श्वासाला कोणता सोसतो.

प्लास्टिकच्या स्वभावातील पहिली गोष्ट म्हणजे ते उष्णतेने वाढते आणि थंडीने आखडते. दोन मीटर लांबीच्या पीव्हीसी पट्टीचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर तिची लांबी साधारण ३ ते ४ मिलिमीटरने वाढते. मागची सिमेंटची भिंत तेवढ्याच उष्णतेत एक मिलिमीटरही वाढत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर पौष महिन्यातील पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो. न्हाणीघराच्या आतील दारावर हा फरक कमी जाणवतो. पण पश्चिमेची उन्हे खाणारे मागील दार असेल, तर पट्टी वर्षभर भिंतीशी ओढाताण करीत असते. दोघांच्या मधला गोंद काचेसारखा कडक असेल, तर तो तडकतो. रबरासारखा लवचिक असेल, तर दोघांनाही सांभाळून घेतो. पट्टी कापताना दोन्ही टोकांना मिळून तीन-चार मिलिमीटरची जागा सोडून ती लवचिक सीलंटने भरावी, असे सुताराला आवर्जून सांगावे. अगदी घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात मध्येच फुगून उभी राहते आणि तीच पुढे पदर, लेंगा आणि बोटे अडकवते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिक पाणी शोषत नाही. घराघरात ठाऊक असलेला पांढरा फेविकॉल १९५९ पासून आपल्याकडे आहे आणि लाकडासाठी त्याची ख्याती सार्थच आहे. परंतु त्यातील पाणी लाकडाने शोषून घेतल्यावर तो पकड घेतो. प्लास्टिक आणि टाइल यांच्यामध्ये ते पाणी जाणार कोठे? शिवाय साधा पांढरा गोंद सततच्या ओलीने पुन्हा मऊ पडतो. न्हाणीघराच्या पट्टीसाठी तो नव्हे.

सुतारांचा आवडता पर्याय म्हणजे पिवळसर, उग्र वासाचा रबरी गोंद. दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यायचा आणि दाबायचा. पकड तत्काळ येते, म्हणून कामगाराला तो सोयीचा वाटतो. वैद्यकीय दृष्टीने मात्र घरात वृद्ध असताना मी त्याला शेवटचे स्थान देतो. त्यात टोल्युइनसारखी द्रावके असतात. ती उडून जातात तेव्हाच गोंद सुकतो, म्हणजे जेवढे द्रावक डब्यात होते तेवढे सारे तुमच्या खोलीच्या हवेत येते. या वाफा हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतात. उभ्याने काम करणाऱ्या सुताराच्या नाकापेक्षा जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या आजोबांच्या नाकाशी त्या अधिक असतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, तोल जाणे ही त्यांची लक्षणे. तरुण माणूस गरगरला तर खुर्चीवर बसतो, वृद्ध गरगरला तर पडतो. दमा किंवा सीओपीडी असलेल्यांना ठसका लागून श्वास अडू शकतो. नरम, वळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर तर हा गोंद टिकतही नाही. ती पट्टी नरम राहावी म्हणून तिच्यात मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात झिरपते आणि तो चिकट लगदा होऊन बसतो.

आणखी एक भय आगीचे. या वाफा पेट घेतात. देवघरातील निरांजन, स्वयंपाकघरातील शेगडी, आजोबांची विडी यांपैकी काहीही पुरते. ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा सिलिंडर चालू आहे, त्या घरात द्रावकाचा गोंद उघडूच नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या गोष्टीला भडकवतो. हाच नियम प्लंबरच्या पीव्हीसी सोल्युशनलाही लागू आहे. ते पाइप जोडण्यासाठी असते. दोन प्लास्टिकचे पृष्ठभाग विरघळवून एकजीव करणे हे त्याचे काम. भिंतीवर किंवा लाकडावर पट्टी लावण्यासाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही, उलट पट्टीचा चेहरा मात्र विद्रूप होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वयोमानाप्रमाणे वासाची जाणीव मंदावते. ‘आईला तर काही वास येत नाही म्हणते’ हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. न येणारा वास निर्धोकपणाचा पुरावा नसतो. आपल्या नाकावर निर्णय घ्यावा, त्यांच्या नव्हे.

सिलिकॉनविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरांत शेवटी तेच वापरले जाते आणि त्यातले दोन प्रकार ग्राहकाला कोणी सांगत नाही. स्वस्त प्रकार सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. हे आम्ल चुना-सिमेंटच्या गिलाव्याशी आणि धातूशीही जमवून घेत नाही; लोखंडी स्क्रू गंजतात, पकड कमकुवत होते. काचेच्या टाकीला तो ठीक, पट्टीला नाही. दुसऱ्या प्रकारच्या नळीवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले असते. हा प्लास्टिक, टाइल व सिमेंट या तिन्हींवर चांगला बसतो आणि वासही सौम्य असतो. त्यातूनही सुकताना थोडे वायू बाहेर पडतातच, म्हणून खिडकी उघडी ठेवणे सुटत नाही. ओल्या जागेसाठी बुरशीरोधक लिहिलेलीच नळी घ्यावी. फटीतील काळी बुरशी ही केवळ दिसण्याची गोष्ट नाही. छातीच्या रुग्णाला तिचा उपद्रव होतो.

सिलिकॉनच्या दोन खोडी ध्यानात ठेवाव्यात. त्यावर रंग बसत नाही आणि जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉनही बसत नाही; जुने पूर्ण खरवडून काढावे लागते. तिसरी खोड वृद्धांच्या दृष्टीने अधिक घातक: फरशीवर त्याचा पुसट हात जरी फिरला, तरी तेथे ओल्या पायाला घसरण होते. काम करण्याआधी पट्टीच्या दोन्ही बाजूंना आणि खाली फरशीवर कागदी चिकटपट्टी लावून घेण्याचा आग्रह धरावा आणि ती सिलिकॉन ओले असतानाच काढावी.

मला विचाराल, तर घरात आजारी किंवा वृद्ध व्यक्ती असताना एमएस पॉलिमर किंवा हायब्रिड नावाने मिळणारे सीलंट पहिल्या क्रमांकावर ठेवावे. ते गोंदाचे आणि फट बुजवण्याचे अशी दोन्ही कामे करते, लवचिक राहते, प्लास्टिक, लाकूड, गिलावा, टाइल या सर्वांवर बसते, त्यावर रंगही चढतो. त्यात ज्वालाग्राही द्रावक सहसा नसते आणि पीयू सीलंटमध्ये असणारे आयसोसायनेटही नसते. आयसोसायनेट म्हटले की १९८४ चे भोपाळ आठवते. पीयूमधील पदार्थ त्याच कुळातला, पण निराळा आणि फार कमी उडणारा आहे. तरीही ज्याला एकदा त्याची ॲलर्जी जडली, त्याला पुढे अत्यल्प मात्रेनेही दमा उसळतो, म्हणून दमेकऱ्याच्या घरी पीयूचा फेस किंवा सीलंट मी टाळायला सांगतो. हायब्रिडची किंमत साध्या सिलिकॉनपेक्षा जास्त असते, हे खरे. परंतु हिशेब करून पाहा. २८० मिलिलिटरच्या नळीतून ६ मिलिमीटर जाडीची रेघ साधारण दहा मीटर निघते. सात फुटी न्हाणीघराच्या दाराची आतली-बाहेरची मिळून पट्टी जवळजवळ तेवढीच भरते. एका दाराला एक नळी. जास्तीचे पैसे फार तर एखाद्या तपासणीच्या खर्चाएवढे.

जेथे फट कोरडी आहे आणि केवळ पट्टी व भिंत यांच्यामधली रेघ भरून रंगवायची आहे, तेथे पाण्याने पातळ होणारे ॲक्रिलिक सीलंट पुरते; वास जवळजवळ नसतो. न्हाणीघराच्या आत ते वापरू नये. हलक्या पट्टीसाठी फेसाची दुहेरी चिकटपट्टी हाही बरा मार्ग आहे. वाफ नाही, सांडणे नाही. मात्र चुना लावलेल्या, पोपडे धरलेल्या भिंतीवर ती चुन्याला चिकटते, भिंतीला नाही. एम-सील किंवा अराल्डाइट यांसारखी दोन भागांची एपॉक्सी कडक होतात, म्हणून लांब पट्टीला ती योग्य नव्हेत. हाताने मळताना हातमोजे घालावेत, त्यांच्या कच्च्या घटकांनी इसब झालेले हात मी पाहिले आहेत.

झटपट चिकटणाऱ्या इवल्याशा नळीविषयी मात्र जरा थांबून बोलू. रसायनाचे नाव सायनोॲक्रिलेट. अमेरिकेत हॅरी कूव्हर या शास्त्रज्ञाला १९४२ मध्ये ते प्रथम हाती लागले, तेव्हा ‘फारच चिकट’ म्हणून बाजूला टाकले गेले. १९५८ मध्ये ते बाजारात आले. त्याचेच भावंड असलेली वैद्यकीय दर्जाची द्रव्ये आम्ही जखमेच्या कडा जोडण्यासाठी वापरतो, दुकानातली नळी मात्र त्या कामाची नाही. पट्टीचा तुटलेला कोपरा जोडायला तिचा मोह होतो. पकड काही सेकंदांत येते, पण ती ठिसूळ असते आणि पट्टी वाढली-आखडली की सुटते.

खरी चिंता निराळी आहे. तिची लहान बाटली डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसारखी दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरात दोन-तीन प्रकारचे थेंब असतात, नजर धूसर असते आणि टेबलावर सुताराने विसरलेली बाटली असते. अशा चुकीने डोळ्यात गोंद घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत जगभरातून नोंदल्या गेल्या आहेत. तसे घडलेच तर पापण्या ओढून उघडू नयेत. कोमट पाण्याने हळुवार भरपूर धुवावे, ओला स्वच्छ कापूस ठेवावा आणि ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. चिकटलेल्या पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात. बुबुळाला ओरखडा पडला आहे का, हे मात्र त्याच दिवशी तपासले पाहिजे. बोटे चिकटली तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू लाटल्यासारखी सोडवावीत. नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य डोळ्याजवळ कदापि नेऊ नये. आणि एक फारसे ठाऊक नसलेले: हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो इतका तापतो की कापडाखालची कातडी भाजते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या आजोबांच्या धोतरावर तो सांडला, तर त्यांना ते कळणारही नाही.

पट्टी कोणत्या प्लास्टिकची आहे, हेही दुकानातच विचारावे. मागील बाजूस त्रिकोणात ३ हा आकडा असेल तर पीव्हीसी. त्याला वरील सीलंट चिकटतात. २ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. त्यांना साधा कोणताच गोंद धरत नाही, सरळ स्क्रू लावावेत. काही कारागीर ओळख पटवण्यासाठी तुकडा जाळून पाहतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तेव्हा हा प्रयोग घरात होऊ देऊ नका.

पृष्ठभागाची तयारी हा भाग मिस्त्री टाळतात आणि निम्म्या पट्ट्या त्यामुळेच निघतात. आमच्याकडील बोअरचे पाणी जड; टाइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो खरवडून, जुन्या ऑइलपेंटचे पोपडे काढून, धूळ झटकून, शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावे. इंजेक्शनपूर्वी आम्ही त्वचा पुसतो तसेच हे. फरक इतकाच की येथे रुग्ण तक्रार करीत नाही. स्पिरिटही पेट घेते, म्हणून ज्योत दूर हवी. भिंतीलाच ओल असेल, तर आधी गळती शोधावी. ओल्या भिंतीवर पट्टी लावणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे.

शिर्डीत रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या तीन उत्सवांच्या आधी भक्तांना खोल्या देणाऱ्या घरांतून डागडुजीची घाई उडते. रात्री पट्टी चिकटवली जाते आणि सकाळी त्याच बंद खोलीत दूरवरून आलेले एखादे वयस्क दांपत्य उतरते. सिलिकॉन व हायब्रिड हवेतील ओलाव्याने सुकतात. चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच, आणि आमच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहूनही सावकाश. म्हणून उत्सवाच्या निदान आठवडाभर आधी काम उरकावे.

घरच्या वृद्धांसाठी तर सोपी व्यवस्था आहे. काम सकाळी सुरू करावे, त्या दिवशी आणि त्या रात्री त्यांची सोय दुसऱ्या खोलीत, शक्य तर लेकीकडे किंवा शेजारी करावी, एक्झॉस्ट पंखा चालू व खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि चोवीस तास त्या न्हाणीघरात पाणी ओतू नये. रबरी गोंद वापरणे अटळच असेल, तर पट्टी अंगणात ठेवून तिला गोंद लावावा, त्याची वाफ बाहेरच उडू द्यावी. भिंतीवरचा थर मात्र खोलीतच सुकतो, म्हणून पंखा आणि खिडकी येथेही सुटत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी पर्यायी शौचालयाचा मार्ग आदल्या दिवशी दोनदा प्रत्यक्ष चालवून दाखवावा आणि रात्री तेथे दिवा ठेवावा. सवयीच्या दाराशी आडवी खुर्ची लावून ठेवली तर ते ती ओलांडू पाहतात, त्यापेक्षा दार बाहेरून बंद असलेले बरे.

काम संपल्यावर सुतार उरलेली नळी, अर्धा डबा, ब्लेड तेथेच ठेवून जातो. ती सारी त्याच्याच पिशवीत परत घालावी किंवा उंचावर कुलपात ठेवावीत, औषधांच्या कपाटात मात्र नाही. मग पट्टीवरून वरपासून खालपर्यंत आपला तळहात एकदा फिरवून पाहावा: टोक वर आलेले, कड धारदार, स्क्रूचे डोके बाहेर, असे काही लागले तर सुतार जाण्यापूर्वीच दाखवावे.